सहा ठिपके, सहा चहा

काशीनाथ तांडेलांच्या शेडमध्ये एखादा पोरगा मोटारसायकल घेऊन आला, की ते आधी गाडीकडे बघत नसत. पोराच्या चपलांकडे बघत. उजव्या चपलेची टाच घासलेली दिसली, की हा ब्रेकऐवजी पायाने गाडी थांबवणारा प्राणी आहे, हे त्यांना कळे. मग त्याने कितीही गयावया केली तरी त्याची गाडी आत येत नसे.

"पयली चप्पल बदल," ते म्हणत. "आठ दिवसांनी दाखवाला ये. गारी नको आनूस. नुसती चप्पल आन."

सगळे त्यांना नाना म्हणत. नानांच्या बोलीत गाडीची गारी होई, होडीची होरी होई आणि कण्याचा कना. सारसोळ्याच्या कोळीवाड्यात त्यांचं घर होतं, घराला लागून पत्र्याची शेड होती. शेडच्या अर्ध्या भागात त्यांचं जुनं लेथ मशीन, वेल्डिंगचं यंत्र आणि कामाचं टेबल. उरलेल्या अर्ध्या भागात जाळ्यांचे ढीग, आणि त्या ढिगांत बसून जाळी विणणाऱ्या त्यांच्या पत्नी, जनाकाकी. नाना तरुणपणी एका कारखान्यात टर्नर होते. तो बंद पडल्यावर लेथ घेऊन घरी आले, असं ते सांगत. जणू लेथ त्यांच्यामागून चालत आलं होतं.

मी त्यांचा भाडेकरू. नेरूळला तेव्हा रेल्वे नवीनच आली होती आणि तुर्भ्याच्या एका कारखान्यात मला तपासणी विभागात नोकरी लागली होती. मी भूमचा. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला मीच. वडील बाजार समितीत मापाडी होते. प्रत्येक मापाआधी ते तराजूचं पारडं उलटं करून झाडत. माल आणणारा कितीही घाईत असला तरी झाडत. "आधी पारडं, मग माप," एवढीच विद्या त्यांनी मला दिली. बाकीची इंजिनिअरिंग कॉलेजने दिली, आणि पुढे जे घडलं ते पाहता कोणती जास्त मोलाची होती याचा निकाल लागलाच.

खोली बघायला गेलो त्या दिवशी नानांनी माझ्याही चपला पाहिल्या. मग विचारलं, "गारी हाय?"

"नाही."

"मंग ठीक हाय. रहा."

नानांची ख्याती पोरांमध्ये होती. नेरूळ-वाशीच्या कॉलेजांतली पोरं दोन स्ट्रोकच्या शंभर सीसीच्या गाड्या घेऊन येत आणि 'पिकअप' मागत. वाशीला एक गॅरेज होतं, तिथे सकाळी गाडी दिली की संध्याकाळी पिकअप वाढवून मिळे. नानांकडे आठवडा लागे. कारण नाना ताकद वाढवायच्या आधी क्रँक मजबूत करत, आणि ते केल्याशिवाय इंजिनाला हात लावत नसत.

क्रँक म्हणजे काय, हे ते प्रत्येक पोराला स्वतःच्या मुठींनी समजावत. दोन मुठी शेजारी धरायच्या, त्या दोन जाड लोखंडी चकत्या. त्यांच्यामध्ये एक पिन दाबून बसवलेली. पिस्टनचा वर-खाली धक्का त्या पिनेवर येतो आणि चकत्या गरगर फिरतात. "कंपनीनं पिन दाबून बसवलेली हाय. कंपनीच्या जोराला ती पुरते. तू जोर वारवलास का पिन आत सरकनार. मंग दोन चकत्या दोन दिशेला." इथे ते दोन्ही मुठी वाकड्या करत आणि तोंडाने कड्कड् आवाज काढत. "हा गारीचा कना हाय. कना ढिला आनि दंड फुगवलेला, असा मानूस बघितलास का कवा?"

एका पोराने एकदा हो म्हटलं. त्याचे मामा व्यायामशाळेत जात आणि कमरेला पट्टा बांधत. नाना त्यावर बराच वेळ विचार करत राहिले.

जोर कशाला पाहिजे, हाही त्यांचा ठरलेला प्रश्न. पोरं नाना तऱ्हेची उत्तरं देत. कोणी म्हणे घाट चढायचाय, कोणी म्हणे कॉलेज लांब आहे. एक सरळमार्गी पोरगा मात्र मान खाली घालून म्हणाला, "नाना, एका मुलीच्या बिल्डिंगसमोरून जायचं असतं."

"मंग तवा तर हलू जा, येड्या!" नाना ओरडले. जाळ्याच्या ढिगातून जनाकाकींचं हसू ऐकू आलं. "जोरात गेलास तर तिला काय दिसनार? धूर?"

त्याची गाडी मात्र त्यांनी घेतली. खरं बोलला म्हणून.

कामाची त्यांची रीत अशी. जुनी पिन काढून नवी दाबायची. तांब्याच्या हातोडीने टोले देत दोन्ही चकत्या एका रेषेत आणायच्या. मग पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचे ठिपके द्यायचे, म्हणजे पिन चकत्यांशी एकजीव होते. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. पण एकदम नाही. एक ठिपका दिला की लोखंड तापतं, तापलं की वाकतं. म्हणून एक ठिपका दिला की नाना यंत्र बंद करत, उठत आणि एक चहा पीत. चहा संपेपर्यंत क्रँक आपोआप निवे. मग समोरच्या बाजूचा ठिपका. मग पुन्हा चहा. सहा ठिपके, सहा चहा. शेडबाहेर ताटकळणाऱ्या पोरांना वेळ विचारायची गरज नसे. जनाकाकी सांगत, "चवथ्या चहावर हायेत."

एका घाईच्या पोराने ओल्या फडक्याने क्रँक थंड करायची सूचना केली होती. नानांनी त्याला तीन चहा पाजले आणि गाडी परत दिली.

सहावा चहा झाला की परीक्षा. क्रँकच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या दांड्यांची, म्हणजे शाफ्टची, टोकं दोन खाचांच्या ठोकळ्यांवर ठेवायची. मेणाच्या गोळ्यात खोचलेली शिवणाची सुई अगदी चिकटेल-न-चिकटेल अशी शाफ्टजवळ आणायची आणि मागे पांढरा कागद धरायचा. क्रँक हळूहळू फिरवायचा. सुई आणि शाफ्ट यांच्यामध्ये उजेडाची जी बारीक रेघ दिसते, ती जाड-बारीक होता कामा नये. नाना एक डोळा मिटून ती रेघ बघत. त्या वेळी शेडमध्ये कोणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

शेवटी गाडी जोडून झाली की फेरी. गंमत अशी, की नानांना स्वतःला मोटारसायकल येत नव्हती. ते आयुष्यभर सायकलवर हिंडले. पोराने गाडी चालवायची आणि नाना मागे बसणार, डोळे घट्ट मिटून आणि पोराची कॉलर मुठीत धरून. इंजिनाचा थरथराट त्यांना बैठकीतून कळे म्हणत. पुरे झालं की ते कॉलर मागे खेचत. सारसोळ्याच्या रस्त्यावर लाल तोंडाचा, मागे झुकलेला पोरगा आणि त्याच्यामागे डोळे मिटलेला म्हातारा दिसला, की लोक म्हणत, काशीनानाची गाडी पास झाली.

हे कण्याचं वेड त्यांना होडीपासून लागलं होतं. नानांच्या वडिलांनी म्हणे आपल्या जुन्या होडीला कुठल्याशा ट्रकचं इंजिन बसवलं. होडीचं तळचं लाकूड पिढीजात, म्हणजे पिढीजात कुजलेलं. नारळी पुनवेला सगळं घर नवे कपडे घालून होडीत बसलं. वडील पुढे, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. इंजिन सुरू झालं.

"इंजिन फुरं गेला," नाना सांगत, "आनि होरी मागं रायली."

खाडीत पाणी कमरेएवढंच होतं, त्यामुळे कोणी बुडालं नाही. सगळे चिखलात उभे. आजीच्या नव्या लुगड्याला चिखल, आत्याच्या वेणीत चिखल. वडिलांनी मात्र नारळ डोक्यावर धरून कोरडा ठेवला होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, इतक्या लांब आलोच आहोत तर, असं म्हणाले आणि तिथेच नारळ वाहिला.

"तवा मी आठ वर्षांचा," नाना म्हणत. "त्या दिवशी ठरवला. जोर मंग. पयला कना."

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

आमच्या कारखान्यात शाफ्ट तपासायला डायल गेज असे. गेजचं टोक शाफ्टला टेकवायचं, शाफ्ट फिरवायचा. केसाहून कमी फरक असला तरी तबकडीवर काटा हलतो. नानांनी हे उपकरण कारखान्यात दुरून पाहिलेलं होतं. ते त्याला 'घर्याल', म्हणजे घड्याळ, म्हणत आणि त्याच्याबद्दल एखाद्या देवस्थानासारखं बोलत. मला वाटलं, या माणसाने मला घर दिलं, आजारपणात त्यांच्या घरचं जेवण दिलं. त्यांची सुई किती अचूक आहे ते एकदा कंपनीच्या मापाने सिद्ध करून दाखवावं. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन मी एका रविवारी गेज घरी आणलं.

नानांनी त्या दिवशी स्वच्छ सदरा घातला होता. एक नवा क्रँक तयार होता. सुईने तपासून, पसंत करून त्यांनी तो माझ्या हातात दिला. गेजचा स्टँड बसवायला मला जरा वेळ लागला, म्हणून क्रँक मी शेजारच्या जाळ्यांच्या ढिगावर ठेवला. मग उचलून ठोकळ्यांवर ठेवला, गेजचं टोक टेकवलं आणि क्रँक फिरवला.

काटा एका जागी टुणकन उडाला.

मी पुन्हा फिरवला. त्याच जागी पुन्हा उडाला. तिसऱ्यांदाही.

"किती?" नानांनी विचारलं.

"मिलिमीटरचे पाच शंभरांश."

"जास्त हाय?"

पुस्तकात होतं ते मी सांगितलं. "जास्त आहे, नाना."

त्यांनी एकदा पुन्हा सुई लावून बघितली असती, तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यांनी सुई लावली नाही. मेणाचा गोळा उचलला, सुई काढून सदऱ्याला टोचली आणि म्हणाले, "शिकलेल्या मानसानं माप घेतलंय." मग ते बाहेर जाऊन चहा प्यायले. ठिपका न देता घेतलेला चहा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

शेडच्या पत्र्यावर खडूने नावं लिहिलेली होती. ज्यांचे क्रँक त्यांनी मजबूत केले होते, अशा तेरा पोरांची. नाना त्यांच्यापुढे उभे राहिले.

"हा वाकरा, तर हे पन वाकरेच असनार. डोला तोच, सुई तीच," ते म्हणाले. "ही पोरा हायवेवर पलतात, सायेब. तेराच्या तेरा उघराच्या."

"नाना, त्या गाड्या तर नीट चालल्यात."

"होरी पन चालू होती. इंजिन लावीपर्यंत."

दुसऱ्या दिवसापासून नाना सायकलवर बसून घरोघर निघाले. नेरूळ, वाशी, बेलापूर. पोरं गाड्या द्यायला तयार नव्हती, म्हणून नाना सरळ त्यांच्या वडिलांना भेटू लागले. आणि इथे एक अडचण झाली. आपल्या मुलाने गाडीची ताकद वाढवून घेतली आहे, हे तेरापैकी एकाही वडिलांना माहीत नव्हतं.

वाशीच्या सामंतांकडे कामावरून परतताना मीही त्यांच्याबरोबर होतो. सामंत सरकारी कचेरीत होते. बनियनवर दार उघडून म्हणाले, "कोण पाहिजे?"

"मी काशीनाथ तांडेल, सारसोल्याचा. तुमच्या मंदारच्या गारीत माझ्याकरून चूक झाली. माफी मागाला आलो."

"चूक? कसली चूक? गाडी ठोकली का तुम्ही?"

"नाय, नाय. जोर वारवला ना, तवा कना कदाचित वाकरा बसला."

सामंत हळूच मागे वळले. मागे मंदार उभा होता आणि हाताने नानांना गप्प बसायच्या खुणा करत होता. हाच तो बिल्डिंगसमोरून जाणारा पोरगा.

"मंद्या, जोर वाढवला म्हणजे काय? गाडी फास्ट केलीस तू?"

"पप्पा, थोडीशीच..."

"फास्ट मंग केली," नाना त्याच्या मदतीला धावले. "पयली मजबूत केली. पोरगा चांगला हाय तुमचा. खोटा बोलत नाय. कशासाठी पायजे ते पन मना खरा सांगितला."

"कशासाठी?"

नानांनी मंदारकडे पाहिलं. मंदारने हात जोडले होते. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेला माणूस अशा वेळी काय करतो? नाना म्हणाले, "पानी देता का जरा?"

सामंतांनी गाडीची किल्ली काढून नानांच्या हातात ठेवली आणि दार लावलं. दारामागून पुढचं संभाषण आम्हांला दोन मजले ऐकू येत होतं.

अशा रीतीने त्या आठवड्यात पाच गाड्या आल्या. गावात हसं झालं. पिकअपवाल्या वाशीच्या गॅरेजात पोरांची रांग लागली. नानांकडे एकही नवी गाडी आली नाही. नाना सकाळपासून इंजिनं उघडत, क्रँक बाहेर काढत आणि फळीवर ओळीने मांडत. सुई सदऱ्यालाच टोचलेली होती. जनाकाकी मला म्हणाल्या, "रातचा मधीच उठून बसतान. म्हंतान, मना दिसला कसा नाय?"

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेज आणलं. पहिला क्रँक ठेवला, फिरवला. काटा जागचा हलला नाही. दुसरा. तोही नाही. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही सरळ.

"मंग त्या दिवशीचा एकच वाकरा?" नाना म्हणाले. "तो ठेव परत."

मी गेल्या रविवारचा तो क्रँक ठेवला. काटा टुणकन उडाला. आम्ही दोघं तबकडीवर वाकून बघत राहिलो. जनाकाकी दारातल्या उजेडात जाळं विणत होत्या. त्यांनी मान वर केली.

"त्याव दोरा हाय ना," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

त्या उठल्या. जाळ्याचा दोरा ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी अंगठ्याचं नख शाफ्टवरून फिरवलं आणि तेलात चिकटून बसलेला नायलॉनचा एक तंतू, केसाहून बारीक, उचलून उजेडात धरला. मी क्रँक जाळ्यांवर ठेवला होता, तेव्हा चिकटलेला.

"तुमच्या घर्यालाला दिसला," त्या म्हणाल्या. "तुमा दोघांना नाय दिसला."

मी क्रँक फिरवला. काटा निश्चल. मला भूमचा बाजार आठवला, उलटं केलेलं पारडं आठवलं. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या शेडमध्ये कळलं. एका आठवड्यात मी या माणसाची नजर, झोप आणि गिऱ्हाईक, तिन्ही घालवलं होतं, तेही एकदा फडकं न फिरवल्यापायी.

"नाना, चूक माझी आहे. मी पुसून घेतलं नाही."

नानांनी सदऱ्यावरची सुई काढली. मेणात खोचली. कागद धरून, एक डोळा मिटून त्यांनी क्रँक पूर्ण फिरवला. मग इतके हसले, की त्यांना जाळ्यांच्या ढिगावर बसावं लागलं. जनाकाकी ओरडल्या, "त्याव नका बसू, परत दोरा लागंल!" त्यावर ते आणखी हसले.

हसू ओसरल्यावर ते उठले आणि पत्र्यावरची नावं मोजू लागले. "आठ रायल्या."

"आता कशाला उघडायच्या, नाना? दोष तर नव्हताच."

"घरी जाऊन बोललोय ना, कना तपासतो म्हनून? दोरा निघाला, पन शब्द रायला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू दर रविवारी यायचास. पुसाला."

उरलेल्या आठही गाड्या आल्या, काही वडिलांनी स्वतः ढकलत आणल्या. आठही क्रँक मी तपासले. प्रत्येक वेळी आधी पुसलं, मग जनाकाकींनी नख फिरवलं, मग नानांची सुई, मग गेज. तेराच्या तेरा सरळ निघाले. नानांनी पत्र्यावरची नावं पुसली नाहीत. त्यांच्याखाली खडूने लिहिलं, 'सर्व सरळ'. 'सरळ'मधला ळ अगदी शुद्ध. जनाकाकींच्या भाचीकडून त्यांनी ते पाटीवर लिहून घेतलं होतं.

आणि मग एक गंमत झाली. एके दिवशी सामंत आपली स्कूटर घेऊन शेडपुढे उभे राहिले. म्हणाले, "न विचारता आपली चूक सांगायला घरी येणारा मेकॅनिक मी जन्मात पाहिला नाही. हिचं जरा बघा. जोर नको हं." त्यांच्यामागून त्यांच्या सोसायटीतल्या स्कूटरी आल्या. नानांनी प्रत्येकाच्या चपला आधी पाहिल्या. सामंतांची उजवी टाच घासलेली होती. त्यांना आठ दिवसांनी बोलावण्यात आलं.

पुढे मला पुण्याला नोकरी मिळाली. त्या सकाळी रिक्षात सामान ठेवून मी शेडमध्ये निरोप घ्यायला गेलो, तर काम नेमकं परीक्षेच्या जागी आलेलं होतं. नानांनी जुन्या बाजारातून स्वतःचं एक गेज आणलं होतं. त्याच्या तबकडीच्या काचेला तडा होता. ठोकळ्यांवर क्रँक होता. जनाकाकी चष्मा लावून शाफ्टवरून नख फिरवत होत्या, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. नाना श्वास धरून उभे होते.

मी वाकून नमस्कार करणार, तोच त्यांनी न बघता हात वर केला. थांब.

मी थांबलो. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. जनाकाकी बाजूला झाल्या. नानांनी एक डोळा मिटला आणि क्रँक फिरवायला घेतला. उजेडाची रेघ त्यांना दिसत होती, मला काटा दिसत होता. पूर्ण एक फेरा होईपर्यंत शेडमध्ये कोणी हललं नाही.

मग त्यांनी डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, नंतर माझ्या चपलांकडे पाहिलं.

"सरल हाय," नाना म्हणाले. "जा आता."